राज्य एकावर, डाव सगळ्यांचा

पोकेमॉन असो की मॅजिक, पत्ते जमवून आणि आपापली गड्डी बांधून खेळायचे हे डाव मुळात दोघांचे. सोलापुरात काय किंवा आणखी कुठे काय, सुटीच्या दुपारी पोरे जमतात ती मात्र चार-पाच. मग तोडगा निघतो: एकावर राज्य, बाकीचे सगळे मिळून त्याच्याविरुद्ध. जाणत्या खेळाडूंना हे पटत नाही. ‘हा डाव नव्हे, झुंडशाही आहे, याचा तोल कधी साधायचाच नाही,’ असा त्यांचा निकाल. हा निकाल घाईचा आहे. तोल साधतो, आणि तो कसा साधायचा हे आपल्याच मातीतल्या खेळांनी कधीचे दाखवून ठेवले आहे. पण आधी विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू.

पहिला आक्षेप असा, की बाजू समसमान नसतील तिथे न्याय नाही. दाखला ठरलेला, अभिमन्यूचा. पण चक्रव्यूहातला अधर्म नेमका कशात होता? एकाशी एकानेच लढावे, निःशस्त्रावर वार करू नये, हे युद्धाचे ठरलेले नेम महारथींनी मोडले. म्हणजे दोष नेम मोडण्याचा. जिथे नेमच ‘एकाविरुद्ध अनेक’ हे धरून बांधलेले असतात, तिथे अभिमन्यूला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही.

असे नेम पाहायचे तर वाघ-बकरीचा पट मांडावा. सोलापूर तीन भाषांचे शहर, म्हणून नावेही तीन: मराठीत वाघ-बकरी, पूर्व भागातल्या पद्मशाली घरांच्या तेलुगूत पुली-मेका, कन्नडमध्ये आडु-हुली. पट आणि सोंगट्यांची संख्या प्रांताप्रांतांत बदलते. नेपाळच्या बाघचालमध्ये 25 बिंदूंच्या पटावर 4 वाघ आणि 20 बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला खाता येत नाही, वाट तेवढी अडवता येते. 5 बकऱ्या गेल्या की वाघांची सरशी, चारही वाघ कोंडले की बकऱ्यांची. खेळणारे दोघेच, पण ताकदीत कसलीही बरोबरी नाही. तरीही लिम यू जिन आणि युर्ग निवरगेल्ट या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने हा खेळ पिंजून काढला, तेव्हा उत्तर आले की दोन्ही बाजू न चुकता खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो. बाजू विषम, निकाल सम. पहिला आक्षेप इथेच संपतो.

दुसरा पक्ष जरा शहाणा. तोल साधतो हे त्याला मान्य, पण त्याचा उपाय सोपा: समोर तिघे असतील तर एकट्याला तिप्पट प्राण द्या, झाले. हिशेब करून पाहू. मॅजिकमध्ये प्रत्येकाचे 20 प्राण, म्हणून एकट्याला दिले 60. आता दर फेरीला समोरचे तिघे मिळून 3 पत्ते ओढतात, हा 1. पाच फेऱ्यांत तिकडे 15, इकडे 5. याने एखादा बलाढ्य राक्षस मैदानात उतरवला, की तिघांपैकी कोणाच्या तरी हातात त्याचा काटा काढणारा पत्ता निघतो. याने दुसरा उतरवेपर्यंत तिकडून तीन उतरलेले असतात. वाढीव 40 प्राणांनी त्याचे हरणे टळत नाही, लांबते. तासभर मार खात बसायला कोणते पोर पुन्हा राज्य घेईल?

1993 पासून मॅजिक छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने हे ओळखले होते. 2010 साली तिने ‘आर्चएनिमी’ हा एकाविरुद्ध सगळ्यांचा प्रकार बाजारात आणला. त्यात खलनायकाला प्राण 40, समोरच्या प्रत्येकाला 20. तिघे असतील तर त्यांची बेरीज 60. म्हणजे प्राणांत तो मागेच. त्याचे बळ वेगळ्या गड्डीत: किमान 20 कारस्थानांचे मोठ्या आकाराचे पत्ते, आणि त्याच्या दर पाळीला त्यातले एक कारस्थान फुकट उघडते. एकट्याला कमी पडतात त्या पाळ्या, हे ज्याने हेरले त्याने अर्धा डाव जिंकला.

तरी एक भोक उरते. समोर दोघेच असतील तर हीच गड्डी भारी पडते, पाच असतील तर तोकडी. इलाज पत्त्यावरच्या मजकुरात आहे. ‘एका प्रतिस्पर्ध्याचे 5 प्राण जातात’ हा पत्ता समोर कितीही माणसे असोत, तेवढाच राहतो. ‘प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे 5 जातात’ हा पत्ता गर्दीबरोबर वाढतो. मॅजिकमधला ‘ग्रे मर्चंट ऑफ ॲस्फोडेल’ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे प्राण घेतो आणि गेलेल्या सगळ्यांची बेरीज मालकाच्या पदरात टाकतो. तिघांचे पाच-पाच गेले तर याला 15. राज्याच्या गड्डीत असे पत्ते भरपूर असावेत, मग माणसे वाढली-घटली तरी फारसे बिघडत नाही.

संख्येशी मोबदला बांधण्याची हीच युक्ती कबड्डीच्या नियमांत आहे. चढाई करणारा एकटा, समोर सात, हातात 30 सेकंद. बोनस रेषेचा गुण मिळतो तो समोर किमान सहा बचावपटू असतील तेव्हाच. गर्दी पांगली की ती सोय बंद. उलट बचावात तीन किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी चढाई अडवली, तर ती सुपर टॅकल, एकाऐवजी दोन गुण. कबड्डीवेड्या माणसाला हे तोंडपाठ असते. तोच माणूस पत्त्यांच्या डावाला बसला की ‘तोल अशक्य’ म्हणतो, याचे नवल वाटते.

तिसरा आक्षेप खरा आहे: ‘सगळे’ नावाला सगळे असतात, त्यांतला एक शहाणा बाकीच्यांना नाचवतो. पण याचेही औषध कबड्डीतच आहे. चढाई चालू असताना कोपरारक्षकाला मध्यरक्षकाशी सल्लामसलत करायला सवड नसते. ज्याने त्याने आपल्या अकलेने झेप घ्यायची. पत्त्यांतही सामाईक पाळीला मिनिटभराची मर्यादा घालावी आणि हातातले पत्ते एकमेकांना दाखवायला मनाई करावी. शहाण्याची मास्तरकी आपोआप आटोपते.

राहिला पैशाचा आक्षेप. ज्याच्या घरी पैसा त्याच्याकडे पाकिटे, आणि ज्याच्याकडे पाकिटे त्याच्याकडे भारी पत्ते. मग तोल कसला? रोग खरा आहे, पण तो दोघांच्या डावात जास्त बळावतो. तिथे भारी गड्डीवाला एकेकाला गाठून सगळ्यांना हरवतो. एकाविरुद्ध सगळ्यांच्या डावात हीच विषमता कामाला लावता येते. सगळ्यांचे जबर पत्ते एकत्र करून एकच ‘राज्याची गड्डी’ बांधावी आणि ती पाळीपाळीने प्रत्येकाकडे जावी. पत्ते ज्याचे त्याचेच राहतात, भार मात्र सगळे वाहतात. धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून बाजूला बसवावे लागत नाही. सगळ्यांच्या बाजूने त्याची दुबळी गड्डीही एखादा घाव झेलते.

तोल साधला हे ओळखायचे कसे, यावरही वाद घालतात. चौघांत प्रत्येकाचा वाटा पाव, म्हणून एकट्याने चारांतला एक डाव जिंकला तरी पुरे, असे काहींचे गणित. ते चुकीचे आहे. इथे तिघे एकत्र जिंकतात, एकत्र हरतात. एकटा पावच डाव जिंकला तर बाकीचे प्रत्येकी पाऊण जिंकतात; मग राज्य घेणे ही शिक्षाच ठरते. एकटा निम्मे जिंकला तर बाकीचेही प्रत्येकी निम्मेच जिंकतात. माप निम्म्याचेच हवे.

ते माप चुकू लागले की प्राणांच्या आकड्याला हात लावू नये. एकटा सारखा हरत असेल तर त्याला दर दोन पाळ्यांनी एक जादा कारस्थान द्यावे, सारखा जिंकत असेल तर एका पाळीआड उघडावे. नियम दुरुस्त करायला वही-पेन पुरते. ‘अशक्य’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढे करून पाहावे आणि मग राज्य स्वतःवर घ्यावे.