अ‍ॅप एक झालं, पण बससेवा एक झाली का?

डोंबिवलीत राहायचं आणि अंधेरीला कामाला जायचं, तर आधी केडीएमटीची बस, मग घाटकोपरपर्यंत लोकल, आणि पुढे मेट्रो. प्रवास एक, पण सेवा देणाऱ्या संस्था तीन. ८ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेलं 'मुंबई वन' अ‍ॅप नेमकं इथे कामाला येतं. ११ संस्थांची तिकिटं त्यात एकत्र आणली आहेत. बेस्टसोबत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि मीरा-भाईंदर महापालिकांच्या बसही आहेत.

मग या सगळ्या बससेवा एक झाल्या का? नाही. एक झालं ते फक्त तिकीट. हा फरक समजून घ्यायला हवा, कारण स्टॉपवर तुम्ही किती वेळ उभे राहणार हे तिकिटावर ठरत नाही.

एकत्र येण्याचे तीन थर

पहिला थर तिकिटाचा. अ‍ॅप पैसे घेतं आणि ज्याचे त्याला पोहोचवतं. हे काम तुलनेने सोपं, कारण कोणत्याही महापालिकेला आपला अधिकार सोडावा लागत नाही.

दुसरा थर माहितीचा. बसमधलं जीपीएस तिची जागा कळवतं आणि अ‍ॅप ती तुम्हाला दाखवतं. इथे प्रत्येक संस्थेने आपला डेटा वेळेवर आणि सारख्या पद्धतीने द्यावा लागतो. एकाने जरी ढिलाई केली, तर तुमच्या स्क्रीनवरची बस 'येतेय' म्हणते आणि रस्त्यावर येतच नाही.

तिसरा थर पैशांचा आणि निर्णयाचा. कोणत्या मार्गावर किती बस सोडायच्या, आणि तोटा कोणी भरायचा? खरी अडचण इथेच आहे. बेस्टच्या बस ठाण्यात जातात, नवी मुंबईच्या बस मुंबईत येतात. पण प्रत्येकाचं वेळापत्रक, आगार आणि बजेट वेगळं. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन संस्थांच्या बस पाठोपाठ धावू शकतात आणि शेजारच्या वस्तीत तासभर काहीच नसतं. हे कोणतंही अ‍ॅप अपडेट करून सुटणार नाही.

पुण्याने उलटं केलं

पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांनी सुरुवातच तिसऱ्या थरापासून केली. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन बससेवा विलीन होऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली. संचालनातला तोटा पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. 'आपली पीएमपीएमएल' अ‍ॅप आलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर १७ वर्षांनी.

फायदा सरळ आहे. निगडीहून स्वारगेटला जाताना शहराची हद्द कुठे संपली, हे प्रवाशाला कळतही नाही. पण दुखणी संपली असं नाही. बस दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेरच्या गावांतही जाते. तिथला तोटा या दोघांनीच का सोसायचा, हा वाद त्यातूनच येतो. दुसरं म्हणजे, बस आली नाही तर जाब कोणाला विचारायचा? नगरसेवक कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी निधीकडे.

मग तुम्ही काय बघायचं?

पुढच्या वेळी 'एक शहर, एक अ‍ॅप' अशी घोषणा ऐकली की तीन प्रश्न विचारा. लाइव्ह लोकेशन सगळ्या संस्थांचं दिसतं का? वेळापत्रक कोणी एकत्र बसून ठरवतंय का? आणि तोट्याची वाटणी लेखी ठरली आहे का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर सेवा खरंच एकत्र आली. फक्त क्यूआर कोड एक झाला असेल, तर तिकिटाची रांग वाचली, एवढंच. बसची वाट मात्र पूर्वीइतकीच बघावी लागेल.