जिल्ह्याचा नकाशा आणि बांधावरचे नुकसान

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा मांजरा धरण कोरडेठाक होते. त्याच वर्षी पावसाळा सरताना अतिवृष्टी झाली, धरण भरले आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. कागदावरची सरासरी मात्र झकास!

हवामानबदलाचा शेतीला किती धोका, हे मोजायची सोय देशात आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने ग्रामीण भाग असलेल्या ५७३ जिल्ह्यांची पाहणी करून २०१९मध्ये ३१० जिल्हे अधिक धोक्याचे ठरवले. त्यांतले १०९ अतिधोक्याचे. काम मोलाचेच. पण जिल्हा हे माप फार मोठे आहे.

नाल्याकाठच्या काळ्या रानात चार दिवस झड लागली की वाफसा येत नाही, पीक पिवळे पडते. वरच्या अंगाच्या मुरमाड तुकड्यात पावसाने तीन आठवडे दडी मारली की तेच वाण माना टाकते. गाव एक, महसूल मंडळ एक, पर्जन्यमापकावरचा आकडाही एकच. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो संरक्षित पाणी देऊन निभावून नेतो. शेजारच्याला तूर किंवा हरभऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार राज्यात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. एवढ्याशा रानात एक हंगाम हुकला, तर पुढच्या बियाण्याचे पैसे आणायचे कुठून?

हंगामही सरकला आहे. हवामान विभागाने २०२०मध्ये मॉन्सूनच्या तारखा बदलल्या; मुंबईतून तो परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे सोयाबीनची काढणी सुरू आणि पाऊस अजून मुक्कामी. शेंगांतच दाण्यांना कोंब फुटतात, गंजीवर ताडपत्री टाकायलाही उसंत मिळत नाही.

अशा वेळी २०२५च्या खरिपापासून राज्याने पीकविम्यातून स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीची भरपाई वगळली. आता हिशोब मंडळातल्या पीककापणी प्रयोगांवर. मंडळाचे उत्पन्न ठीक निघाले, तर बुडालेल्या रानाचा धनी कोरडाच राहणार. नेमके त्याच वर्षी सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरीने काठ सोडले. शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा देणाऱ्या आधीच्या योजनेत गैरप्रकार झाले हे खरे. पण त्यासाठी स्थानिक नुकसानीचा विचारच सोडणे हा उफराटा न्याय झाला.

गावपातळीवर मोजमाप जमत नाही, असे म्हणायलाही जागा नाही. राज्य सरकारच्याच नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडला गेला: पाऊस किती, जमिनीत मुरला किती, वाहून गेला किती, पिकाला कमी पडला किती. हाच ताळेबंद पेरणीआधी ग्रामसभेत वाचला जावा आणि विम्याचे निकष त्याला जोडावेत. प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात ५,१४२ गावे होती, दुसऱ्यात आणखी सुमारे ७ हजार. राज्यात गावे ४० हजारांहून अधिक आहेत.