पेब्रिन रोग आणि शुद्ध बीज

रेशीमशेती हा सर्वस्वी बीजाच्या भरवशावर चालणारा धंदा आहे. तुतीचा मळा कितीही जोमदार असो, संगोपनगृह कितीही हवेशीर असो, अंडीपुंज रोगग्रस्त असतील तर सारे श्रम आणि सारा पाला वाया जातो. हे तत्त्व सर्वजण मान्य करतात. परंतु व्यवहारात बीजाच्या तपासणीकडे एक सरकारी उपचार म्हणून पाहण्याची वृत्ती अद्याप गेलेली नाही. "गेल्या खेपेस कोष बरे आले, पतंगही धडधाकट निघाले, मग त्यांचीच अंडी धरली तर बिघडले कोठे?" असा प्रश्न विचारला जातो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर किडे पाळणाऱ्या कुटुंबांत घरचे बीज धरण्याची रीत जुनी असल्यामुळे तेथे हा प्रश्न अधिकच स्वाभाविक आहे. त्यास केवळ "नियम आहे म्हणून" असे उत्तर देणे योग्य नव्हे. खरे उत्तर पेब्रिन रोग उत्पन्न करणाऱ्या सूक्ष्म परजीवीच्या स्वभावातच आहे आणि ते प्रत्येक रेशीम उत्पादकाने समजून घेण्यासारखे आहे.

फ्रान्सने दिलेला धडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सचा रेशीम धंदा ऐन भरात होता. १८५३ साली त्या देशात सुमारे २ कोटी ६० लाख किलोग्रॅम कोषांचे उत्पादन झाले. १८६५ साली हा आकडा ४० लाख किलोग्रॅमवर घसरला. रोगी अळ्यांच्या अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसत, म्हणून दक्षिण फ्रान्सच्या बोलीतील मिरीच्या नावावरून या रोगास पेब्रिन हे नाव पडले. त्याच्या कारणीभूत जीवास नेगेली या शास्त्रज्ञाने १८५७ साली 'नोसेमा बॉम्बिसिस' असे नाव दिले होते. तथापि उपाय कोणासही सापडला नव्हता.

१८६५ साली लुई पाश्चर यांना रसायनशास्त्रज्ञ द्यूमा यांच्या आग्रहावरून दक्षिण फ्रान्समधील आलेस येथे पाठविण्यात आले. रेशीमकिड्यांचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. रोगी किड्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चकचकीत लंबगोल कण हे रोगाचे कारण नसून परिणाम असावेत, असेच त्यांना प्रथम वाटले होते. पुढे प्रयोगांती त्यांनी हे मत बदलले आणि १८७० साली आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी सांगितलेली रीत साधी आहे. प्रत्येक मादी पतंगास स्वतंत्रपणे अंडी घालू द्यावीत. अंडी घालून झाल्यावर त्या मादीस थोड्या पाण्यात कुटून तो द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. त्यात एकही बीजाणू आढळला तर तिची सर्व अंडी नष्ट करावीत.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पाश्चर यांनी अंडी न तपासता आई तपासली. अंड्यात किंवा बाल्यावस्थेतील अळीत रोगाचा अंश इतका अल्प असतो की तो नजरेतून सुटतो. कीटक वाढतो तसा आतील परजीवीही वाढतो आणि पतंगाच्या अखेरच्या दिवसांत त्याचे बीजाणू सर्वाधिक प्रमाणात सापडतात. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी मातृपतंग तपासणी हाच पेब्रिनविरुद्धचा मुख्य बंदोबस्त आहे. आपल्या देशातही १९४८ च्या केंद्रीय रेशीम मंडळ कायद्यात २००६ साली दुरुस्ती करून रेशीम बीजाच्या उत्पादनावर व विक्रीवर नियंत्रण आणले गेले, त्यामागे हेच कारण आहे.

परावलंबी जीव

नोसेमा हा जीव मायक्रोस्पोरिडिया या गटातील आहे. पूर्वी या गटाची गणना आदिजीवांत होत असे. आता तो बुरशीचा जवळचा नातलग मानला जातो. त्याचा बीजाणू सुमारे ४ मायक्रॉन लांब असतो, म्हणजे असे अडीचशे बीजाणू एका रांगेत ठेवले तर कोठे एक मिलिमीटर भरेल. बीजाणूच्या आत एक नळी गुंडाळलेली असते. अळीने तो पाल्याबरोबर गिळला की तिच्या आतड्यात ही नळी झटक्यासरशी बाहेर पडते, आतड्याच्या पेशीत घुसते आणि तिच्यावाटे परजीवीचा जीवनांश पेशीत ओतला जातो.

या गटाच्या जनुकसंचाचा अभ्यास झाल्यावर त्याचे परावलंबन किती पराकोटीचे आहे हे उघड झाले. सस्तन प्राण्यांत राहणाऱ्या 'एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली' या जातीचा जनुकसंच २००१ साली वाचला गेला. तो अवघा २९ लाख बेस-जोड्यांचा असून त्यात सुमारे २,००० जनुके आहेत. पाव फुगविण्याच्या यीस्टमध्ये ती सुमारे ६,००० असतात. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांचे या जीवांत केवळ खुंटलेले अवशेष उरले आहेत. ज्या पेशीत बिऱ्हाड करावयाचे तिचीच ऊर्जा हिसकावून घ्यावयाची, असा हा संसार आहे.

नोसेमा बॉम्बिसिसचा जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला. तो मात्र १ कोटी ५० लाखांहून अधिक बेस-जोड्यांचा निघाला. याचा अर्थ हा जीव अधिक स्वावलंबी आहे असा नव्हे. त्याच्या जनुकसंचात स्वतःच्या प्रती काढीत फिरणारे तुकडे आणि दुबार झालेली जनुके यांची मोठी भर आहे. आईच्या अंड्यातून जे परजीवी पुढे जातात त्यांची संख्या दर पिढीस थोडी असते. अशा चिंचोळ्या वाटेत नैसर्गिक निवडीची चाळणी सैल पडते आणि असा गाळ साचत जातो, असा विचार अलीकडील तौलनिक अभ्यासांतून पुढे आला आहे.

शेतकऱ्यास या माहितीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग दुहेरी आहे. एक तर रोगी अळीस बरे करणारे औषध व्यवहारात का नाही, याचा उलगडा होतो. शत्रू पेशीच्या आत, पेशीच्याच शिधावर जगत असतो. दुसरी गोष्ट आशेची आहे. हा जीव मातीत, पाल्यावर किंवा ट्रेमध्ये वाढू शकत नाही. तेथे त्याचे बीजाणू महिनोन्‌महिने केवळ वाट पाहतात. बीज शुद्ध असेल आणि वाट पाहणारे बीजाणू नष्ट केले असतील, तर रोग आपोआप उद्भवत नाही. ज्या रोगाची साखळी अशी दोनच ठिकाणी तोडता येते, त्याच्यापुढे हात टेकण्याचे कारण नाही.

सौम्यतेचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. आई धडधाकट दिसत असता तिची अंडी का टाकावीत?

परजीवी पुढील पिढीत जाण्यास दोन मार्ग वापरतात. एक संसर्गाचा, म्हणजे एका किड्याच्या विष्ठेतून वा प्रेतातून दुसऱ्याकडे. दुसरा वारशाचा, म्हणजे आईकडून अंड्यात. संसर्गाने पसरणाऱ्या परजीवीस आपले पोषण करणारा कीटक मेला तरी फारसे बिघडत नाही. उलट त्याच्या शरीरात जितके अधिक बीजाणू तयार होतील तितका लाभ. परंतु अंड्यातून जाणाऱ्या परजीवीस आई जगावी लागते, तिने कोष करावा लागतो, पतंग होऊन अंडी घालावी लागतात. यास्तव तेथे सौम्य परजीवीच टिकतो.

या हिशेबाचे बोलके उदाहरण डासांत सापडते. डासांच्या अँब्लिओस्पोरा या परजीवीच्या अनेक जातींत रोगी आईच्या पोटी जन्मलेल्या मादी अळ्या जगतात व रोग पुढील अंड्यांत नेतात; नर अळ्या मात्र मरतात आणि त्यांच्यातून सुटलेले बीजाणू पाण्यातील लहान कवचधारी प्राण्यांकडे जातात. नर अंडी घालीत नाही, म्हणून परजीवीच्या दृष्टीने त्यास जगविण्यात स्वार्थ नाही. एकाच आईच्या लेकरांत एकीकडे सौम्यता आणि दुसरीकडे संहार, दोन्ही एकाच परजीवीची कृत्ये होत.

पेब्रिनचा जंतू असेच दोन्ही मार्ग चोखाळतो. उशिरा लागण झालेली अळी बहुधा कोष करते, तिचा पतंग होतो, अंडीही घातली जातात. त्या अंड्यांतून निघालेल्या रोगी अळ्या बहुतांशी लहानपणीच खुरटतात व मरतात. परंतु मरण्यापूर्वी ट्रेमधील पाला दूषित करून निरोगी सोबत्यांस लागण देतात. म्हणजे आईमध्ये दिसणारी सौम्यता हा रोगाचा अभाव नसून रोगाचा प्रवास आहे. "कोष बरे आले" हा पुरावा म्हणूनच अपुरा ठरतो. ज्या पतंगाने रोग लपवून आणला त्याचीच अंडी सर्वांत घातक.

दाटीचा परिणाम

याच विचारातून दुसरा निष्कर्ष निघतो. जेथे एका कीटकाकडून दुसऱ्याकडे जाणे सोपे, तेथे तीव्र परजीवीस आवर राहत नाही. हा नियम प्रत्येक रोगास तंतोतंत लागू पडतो असे नाही. तथापि दाट ट्रे, निरनिराळ्या वयाच्या अळ्या एकाच घरात आणि एका पिकामागून खंड न पाडता दुसरे पीक, ही व्यवस्था संसर्गाची वाट रुंद करते, यात शंका नाही. मराठवाड्यात तुती रेशीमशेतीचा विस्तार झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अधिक पिकांच्या हव्यासाने दोन पिकांमधील स्वच्छतेचा अवधी गिळला जाणे अहितकारक आहे. चुन्याच्या ०.३ टक्के निवळीत २ टक्के ब्लीचिंग पावडर मिसळून संगोपनगृह व साहित्य धुण्याची शिफारस जुनी व स्वस्त आहे. ती टाळण्यास सबब नाही. ट्रेमधील काडीकचरा व विष्ठा तुतीच्या मळ्यात टाकणे म्हणजे बीजाणूंना परतीचा रस्ता करून देणे होय. तुतीवरील इतर काही अळ्यांतही अशा जातीचे परजीवी आढळतात, म्हणून मळ्यातील किडींकडेही लक्ष असावे.

परजीवी नव्या यजमानाकडे गेला तर काय होते, हे मधमाशांच्या बाबतीत दिसून आले. आशियाई मधमाशीत, म्हणजे आपल्या सातेरीच्याच जातीत, बीजिंगजवळ आढळलेल्या 'नोसेमा सेराने' या परजीवीचे वर्णन १९९६ साली झाले. पुढील दहा वर्षांतच तो युरोपीय मधमाशीत तैवान व स्पेन येथे सापडला. स्पेनमधील संशोधकांनी वसाहतींच्या नाशाशी त्याचा संबंध जोडला. इतर काही प्रदेशांत तो इतका स्पष्ट दिसला नाही. परजीवीची तीव्रता यजमान आणि परिस्थिती यांवर अवलंबून असते. ती कायमची ठरलेली नसते. आज सौम्य वाटणारा रोग उद्याही सौम्य राहील, असे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही.

नुकसान कोणी सोसावे?

येथवर शेतकऱ्याच्या कर्तव्याचा विचार झाला. परंतु न्यायाची दुसरी बाजूही आहे. तपासणीत बीजाणू सापडला की अंडी जाळावी लागतात. तुतीच्या मोठ्या बीजकेंद्रास हा तोटा सोसवतो. टसरचे बीजकोष जंगलातून सांभाळून आणणाऱ्या गरीब कुटुंबास तो सोसवत नाही. ज्यास प्रामाणिकपणाचा दंड भरावा लागतो, तो पतंग तपासणीस आणण्याऐवजी अंडी गुपचूप शेजाऱ्यास देतो, आणि रोग एका घरातून सबंध पाड्यात जातो. नष्ट केलेल्या बीजाने लाभ साऱ्या प्रदेशाचा होतो. मग त्याची किंमत एकट्या बीजधारकाने का मोजावी? नाकारलेल्या बीजाची वाजवी भरपाई देणे हा तपासणीच्या खर्चाचाच भाग मानला गेला पाहिजे.

त्याचप्रमाणे तपासणी शेतकऱ्याच्या दृष्टीस पडली पाहिजे. व्यापारी बीजाच्या बाबतीत अनेक पतंगांचे नमुने एकत्र कुटून तपासले जातात. कामाचा व्याप पाहता हे अपरिहार्य आहे. म्हणूनच तेथे सचोटी अधिक हवी. किती पतंग तपासले, कोणत्या दिवशी तपासले आणि निकाल काय, हे प्रत्येक पाकिटावर छापलेले असावे. टसर विभागात हंगामाच्या दिवसांत सूक्ष्मदर्शक व जाणकार तंत्रसहायक गावाजवळ उपलब्ध झाले, तर घरचे बीज धरणाऱ्यांनाही ते तपासून घेता येईल. केवळ घरचे बीज वर्ज्य करण्याच्या घोषणेपेक्षा हा मार्ग अधिक फलदायी ठरेल. एक सूक्ष्मदर्शक यंत्र अनेक वर्षे टिकते. एक चुकलेले बीज एका हंगामात वाडीचे उत्पन्न बुडविते.

तूर्त रेशीम उत्पादकांनी इतके तरी करावे. अंडीपुंज वा चॉकी अळ्या अधिकृत केंद्रातूनच घ्याव्यात आणि घरचे बीज धरावयाचे असल्यास प्रत्येक मादी वेगळी ठेवून तपासून घ्यावी. अळ्यांची वाढ असमान दिसली, काही अळ्या कात टाकण्यात मागे राहू लागल्या किंवा अंगावर काळे ठिपके आढळले, तर त्या झाकून न ठेवता जवळच्या रेशीम कार्यालयात तपासणीस पाठवाव्यात. रोग कळविणारा शेतकरी गुन्हेगार नव्हे. तो शेजाऱ्यांचे पीक वाचवीत असतो. रोग पाहणीत आढळला, यात लज्जा नाही. तो पाहिलाच गेला नाही, हीच खरी हानी होय.