सीसी कागदावर, शर्यत मातीवर

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कोणीतरी "टू-स्ट्रोक ती टू-स्ट्रोक!" एवढंच म्हणायचा अवकाश, मेसची वेळ टळते पण वाद संपत नाही. एका बाजूला मामाची जुनी आरएक्स १०० चालवलेले, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या स्प्लेंडरचं ॲव्हरेज सांगणारे. मीसुद्धा या वादात भरपूर घसा कोरडा केलाय. पण सुपरक्रॉसच्या शर्यती बघायला लागलो आणि माझं मत बदललं. 'कुठलं इंजिन भारी?' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'कुठल्या ट्रॅकवर?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये ट्रकच्या ट्रक माती ओतून बनवलेल्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये अशी शर्यत झाली आणि मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने ती जिंकली. तिथून या खेळाने खरा जोर धरला. मोकळ्या डोंगरउतारावरच्या मोटोक्रॉसमध्ये लांब सरळ पट्टे आणि चढ असतात. स्टेडियममध्ये जागाच नाही! म्हणून यू-आकाराची वळणं, लागोपाठ तीन उंचवटे एका झेपेत पार करायची 'ट्रिपल' उडी, आणि ओळीने टाकलेले मातीचे ढीग, ज्यांना 'व्हूप्स' म्हणतात. एक फेरी साधारण मिनिटाभरात, बऱ्याचदा त्याहूनही लवकर संपते.

आता इंजिन. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पॉवर स्ट्रोक, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. हे आपण सगळ्यांनी व्हायव्हात पाठ म्हटलंय. त्यामुळे सारख्या सीसीत फोर-स्ट्रोक मागे पडणार हे उघड होतं. अमेरिकेतल्या एएमए या संस्थेने म्हणून १९९० च्या दशकात सूट दिली : २५० सीसी टू-स्ट्रोकसमोर फोर-स्ट्रोक ५५० सीसीपर्यंत चालेल. १९९७ मध्ये लास व्हेगासला डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोक प्रोटोटाइपवर शर्यत जिंकली आणि चित्र पालटायला लागलं. पुढे मर्यादा ४५० वर आली. धाकट्या गटात १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक. गंमत बघा, धाकट्या गटात सूट शंभर टक्के, मोठ्या गटात ऐंशी टक्के! इंजिनाचं विज्ञान दोन्हीकडे तेच, मग सवलत वेगळी का? हा आकडा गणिताचा कमी आणि तडजोडीचा जास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण या गोष्टीतला माझा आवडता दाखला २००५ चा आहे. त्या वर्षी रिकी कारमायकलने सुझुकीवर दोन विजेतेपदं मिळवली. स्टेडियममधलं सुपरक्रॉस त्याने २५० टू-स्ट्रोकवर जिंकलं आणि मोकळ्या मैदानातलं मोटोक्रॉस ४५० फोर-स्ट्रोकवर. माणूस तोच, कंपनी तीच, वर्ष तेच. बदलला फक्त ट्रॅक, आणि त्याबरोबर इंजिन! मोकळ्यावर ४५० चा टॉर्क हवा होता. चिंचोळ्या वळणांत हलकी, चटकन दिशा बदलणारी गाडी कामाला आली. मोठ्या गटातलं टू-स्ट्रोकचं ते शेवटचं सुपरक्रॉस विजेतेपद ठरलं. २००६ मध्ये खुद्द कारमायकल सुपरक्रॉसलाही ४५० वर आला आणि जिंकला.

का, ते थोडं गणित करून बघू. समजा ट्रिपलचं अंतर २० मीटर आणि उडीचा कोन ३० अंश. हवेचा विरोध सोडला तर प्रक्षेप्याच्या सूत्राने उडताना साधारण १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५४ किमी वेग लागतो. वळणातून बाहेर पडताना वेग समजा ८ मीटर प्रति सेकंद आहे. वळण आणि उडी यांच्यात १५ मीटर जागा असेल तर त्वरण हवं ५.४. जागा १० मीटर असेल तर तेच ८ होतं, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ऐंशी टक्के! इथे नुसती हॉर्सपॉवर उपयोगाची नाही, मागच्या चाकाने माती धरली पाहिजे. टू-स्ट्रोकची ताकद आरपीएमच्या एका पट्ट्यात एकदम येते. क्लचवरचं बोट जरा चुकलं की चाक जागच्या जागी फिरतं. फोर-स्ट्रोकची ताकद खालपासून सपाट येते आणि चाक चिकटून राहतं. म्हणजे ट्रॅक बांधणाऱ्याने पाच मीटर माती इकडची तिकडे केली तर कुठल्या इंजिनाला सोपं जाईल हेच बदलतं. नियमाच्या पुस्तकात एक अक्षरही न बदलता!

अर्थात फोर-स्ट्रोकला सगळंच फुकट मिळालं नाही. गाडी जड. थ्रॉटल सोडला की इंजिन ब्रेकिंग जाणवतं. ते वळणात शिरताना उपयोगी, पण व्हूप्सवर नको तेव्हा पुढचं चाक खाली दाबू शकतं. आणि सुरुवातीच्या गाड्या पडून बंद पडल्या की गरम इंजिन किक मारून चालू करताना शर्यत हातची जायची. पुढे फ्युएल इंजेक्शन आणि बटण स्टार्ट आलं आणि तेही दुखणं गेलं.

इथेच माझी खरी तक्रार आहे. वळणातून निघाल्या निघाल्या उडी मारणं सोपं झालं की ट्रॅक बांधणारा काय करणार? उडी आणखी लांब करणार. मग इंजिन आणखी ताकदवान. मग उडी आणखी लांब. या चक्रात कंपनीची गाडी खपते, प्रेक्षकाचे पैसे वसूल होतात, आणि मनगट, पाठ, मणका मोडतो तो चालवणाऱ्याचा. वीस मीटरच्या त्या उडीत तो दीड सेकंद हवेत असतो. तिथून उतरताना अंदाज चुकला तर इंजिन कुठलं होतं याने काही फरक पडत नाही.

म्हणून मला वाटतं, 'टू-स्ट्रोक परत आणा' ही आरोळी भावनेला ठीक आहे, पण उपाय ट्रॅकमध्ये आहे. उडी लांब करण्यापेक्षा वळणं वाढवा. उंचवट्यांची रांग अशी रचा, की कोणी दोन-दोन करून जाईल, कोणी तीन-एक. व्हूप्स असे ठेवा की तिथे तंत्र लागेल, नुसता थ्रॉटल नाही. वेग आपोआप कमी होईल आणि ओव्हरटेकिंग वाढेल. शेवटी लोक तेच बघायला येतात ना?

हे सगळं लांबच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नका. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात, आपल्या बालेवाडीला, परदेशी रायडर ४५० आणि २५० घेऊन सुपरक्रॉस खेळून गेले. आणि आता तिसरा भिडू दारात उभा आहे. स्पेनच्या स्टार्क कंपनीने २०२१ मध्ये वार्ग नावाची विजेवरची मोटोक्रॉस गाडी दाखवली. तिला ना क्लच, ना गिअर, ना सीसी! आता सूट कशाच्या टक्क्यात देणार?

आपल्या कॉलेजात मेकॅनिकलवाले इंजिनाबद्दल बोलतात आणि सिव्हिलवाले मातीबद्दल, आणि दोघं भेटतात फक्त मेसच्या रांगेत. सुपरक्रॉसने मला एवढंच शिकवलं की यंत्र आणि त्याखालची जमीन हा एकच प्रश्न आहे. तेव्हा पार्किंगमधला पुढचा वाद सुरू होईल तेव्हा सिव्हिलच्या एखाद्या मित्रालाही हाक मारा. आरएक्सवाले आणि स्प्लेंडरवाले दोघंही जरा गप्प बसतील.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल