आधी पाट्या उतरवा!

मंडळी, कारखान्यांच्या भिंतींवरच्या 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' छापाच्या पाट्या आता उतरवा. हे मी नाही, खुद्द डेमिंग सांगून गेलेत. १९५० साली जपान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी पुढे लिहिलेल्या १४ सूत्रांतलं आठवं म्हणतं, भीती घालवा. दहावं म्हणतं, घोषणा बंद करा.

आपण नेमकं उलट केलं. माझ्या भाच्याच्या कारखान्यात दरमहा माणशी दोन 'कायझेन' सक्तीचे. महिनाअखेर जो तो काहीतरी खरडून फॉर्म भरतो. पण यंत्रातला खरा दोष दाखवला, की "आधी टार्गेट पुरं कर!" टोयोटात मात्र साधा कामगार दोरी ओढून मदत मागतो, दोष सुटला नाही तर लाइन थांबते.

शाळा तपासणीच्या आदल्या रात्री टाचणवह्या कशा 'पूर्ण' होत, हे मी आयुष्यभर पाहिलंय. वह्या सुधारल्या, वर्ग होता तिथेच राहिला.

दोष सांगणाऱ्यालाच बोलणी बसणार असतील, तर सुधारणा कागदावरच होणार. साहेबांनो, आधी त्याची पाठ थोपटा. तेवढं जमलं तर पाटीची गरजच उरणार नाही.

असो. तुमच्याकडे काय चालतं? जरूर कळवा.