अलकनंदा: एवढ्या लवकर एवढी रेखीव कशी?

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर मला 'अलकनंदा' म्हणून आलेला फोटो स्क्रीनभर झगमगत होता. तो तिचा नाही. जेम्स वेब दुर्बिणीच्या मूळ फोटोत ती इतकी बारीक आहे, की झूम केल्याशिवाय सापडत नाही. बातमी मात्र खरी आहे, आणि पुण्यातली आहे.

२०२५च्या अखेरीस जाहीर झालेली ही सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारखी, दीर्घिका एनसीआरएच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी शोधली. तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं होतं. खरी गोम इथेच आहे. त्या काळातल्या दीर्घिका म्हणजे वेडेवाकडे गोळे, असंच मानलं जायचं. चकती स्थिरावून भुजा उमटायला कित्येक अब्ज वर्षं लागतात म्हणे. आणि इथे दोन नीटस भुजा, ३०,००० प्रकाशवर्षांचा पसारा, वर्षाला साठेक सूर्यांएवढे नवे तारे. आपल्या आकाशगंगेच्या जवळपास २० पट वेग!

नशीबही लागलं. वाटेतल्या 'आबेल २७४४' या दीर्घिका-समूहाचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं वागतं, म्हणून ती दुप्पट तेजस्वी दिसते.

आपल्या आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात, म्हणून हिला तिच्या बहिणीचं, अलकनंदेचं नाव. (पुढची सापडली तर गिरणा ठेवा, खान्देशची हरकत नाही.)

भुजा कशा बनल्या? थंड वायू हळूहळू जमत गेला, की छोट्या दीर्घिकेने धक्का दिला? चकती किती शांतपणे फिरते हे मोजलं की कळेल. ते काम आता वेबचं किंवा चिलीतल्या आल्मा दुर्बिणीचं.