आडमार्गावरचे विमान कोणी चालवायचे?

सार्वजनिक क्षेत्र म्हणजे आळस आणि खाजगी क्षेत्र म्हणजे उद्यम, हे पालुपद देशाला गेली तीस-पस्तीस वर्षे ऐकवले जात आहे. प्रादेशिक विमानसेवेचा हिशेब त्याच्याशी मुळीच जुळत नाही.

ईशान्य भारतातील दळणवळणासाठी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ निघाली. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांचे ते संयुक्त अपत्य. पुढे तोट्याचा ठपका ठेवून तिचे विसर्जन झाले. २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली, हवाई चपलेची घोषणा झाली. निम्म्या जागा ठराविक भाड्यात द्यायच्या आणि तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, असा हा सौदा. तुटीचा पैसा येतो मोठ्या मार्गांवरील उड्डाणांच्या आकारणीतून आणि राज्यांच्या तिजोरीतून. इतके करून निष्पन्न काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार वाटप झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतर टिकले अवघे ५४! अनुदान आहे तोवर उद्यमशीलता, अनुदान संपताच पोबारा.

याउलट कानपूरला हिंदुस्तान एरॉनॉटिक्सने बांधलेले सतरा आसनी डॉर्नियर एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगडहून अरुणाचलातील पासीघाटला नेले ते अलायन्स एअरने. विमान सरकारी कारखान्याचे, कंपनीही सरकारी. त्याच वर्षी जानेवारीत एअर इंडिया टाटांच्या हवाली झाली. अलायन्स एअर त्या व्यवहाराबाहेर राहिली खरी, परंतु तिलाही विकण्याचा मनोदय सरकारने आधीच बोलून दाखवला होता.

प्रतिपक्ष विचारील : मुंबई–चिपी सेवा याच सरकारी कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केली ना? केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली ही सेवा तीन वर्षे भरताच थांबली आणि सिंधुदुर्गचा प्रवासी वाऱ्यावर सुटला. परंतु हा दोष मालकीचा नव्हे, अटीचा आहे. कंपनी सरकारी ठेवून तिला नियम बाजाराचा लावला, तर ती बाजारासारखीच वागणार. एस. टी.ने दुर्गम गावची गाडी तीन वर्षांच्या कराराने चालवली असती, तर निम्म्या कोकणाने एस. टी. पाहिलीच नसती.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. अलायन्स एअरच्या विक्रीचा विचार सरकारने जाहीरपणे सोडावा, दुर्गम मार्गांवर तिला मुदतीविना तूटभरपाई द्यावी आणि मार्ग अर्ध्यावर टाकणाऱ्या कंपन्यांनी किती अनुदान उचलले, ते नावानिशी संसदेपुढे ठेवावे.